पहिला पत्ता अक्काचा

शिवकन्या माझी धाकटी जाऊ. टॉवरचा गेम तिला मीच शिकवला, त्याचा मला आजही पस्तावा आहे.

फोनवरचा खेळ. दोन्ही बाजूंना दोन-दोन टॉवर, हातात पत्ते. पॉवर भरेल तसा पत्ता टाकायचा. त्यातला सैनिक चालत जाऊन समोरच्याचा टॉवर पाडतो.

नांदेडला बायकांची स्पर्धा होती. संघ जमवणारी नायगावची महामाया फोनवर म्हणाली, "एकच जागा उरली हाय आन् तुमी दोघी. खेळा आपसात. जिंकंल तिनं यावं."

जागा माझी होती. खेळ घरात मी आणला. पण सासूबाई, दीर, शेजारची अंजू, सगळ्यांचं एकच: शिवकन्याचं डोकं बघा! माझ्या डोक्यात काय भुसा भरलाय?

दुपारी जेवणाआधी, उदगीरच्या आमच्या दुकानामागच्या खोलीत बसलो.

"अक्का, पहिला पत्ता तुमचा," ती म्हणाली. नेहमीसारखंच. आमच्याकडे पिंडीवर बेल थोरली आधी वाहते, घास थोरली आधी घेते. तसाच हा मान. मला बरं वाटायचं, खोटं का बोलू?

मी राक्षस टाकला. तिनं बारक्या सैनिकांची झुंड सोडली, राक्षस संपला. मी घोडेस्वार टाकला, तिनं भिंत. मिनिटभरात माझा डावा टॉवर पडला.

"वैनी, गेला की!" दीर मल्लिनाथ ओरडला. दात काढून.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. "का गं, मला आधी टाकायला लावतीस ते मुद्दाम?"

"मुद्दाम कशाला? तुमी आधी टाकता, मला बघायला मिळतंय."

अंगाची आग झाली. दोन वर्षं मान म्हणून जे घेतलं, त्यावर ही खेळ शिकून राहिली होती!

ठरवलं, आता आधी टाकायचंच नाही. हात मांडीवर ठेवला. पॉवर काठोकाठ.

"टाका की, अक्का."

"तू टाक."

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग कधी नव्हे ते पहिला पत्ता टाकला: एकटा धनुर्धारी, उजव्या कडेला. मी म्हटलं, सापडली! घोडेस्वार, भालेवाले, साठवलेलं सगळं एकाच वाटेनं सोडलं. तिनं वरून आगीचा गोळा टाकला. सगळे एका जागी भाजले. माझी पॉवर रिकामी, तिचे सैनिक निवांत चालत आले. दुसराही टॉवर गेला, डाव संपला.

माझ्या थांबण्यावरचं उत्तर तिनं घरून आणलं नव्हतं. तिथल्या तिथं काढलं. ते मला जमलं नाही, तेच टोचतं.

जेवायला बसलो. ती भाकरीला हात न लावता माझ्याकडं बघत बसली.

"जेवा की, अक्का."

"तू घे आधी."

"असं कसं?"

वरण गार होऊन राहिलं. शेवटी मी उठले, महामायाला फोन लावला.

"शिवकन्या येतीय," म्हटलं.

घरातली बातमी बाहेर आधी थोरलीनंच सांगायची असते. हा मानही माझाच होता.