शंख गुरुवारी कुठे होता

मी एक जुना शंख आहे. तुमच्याकडे माझे भाऊबंद गंधफूल लेवून देवघरात बसतात म्हणे. मी मात्र बार्बाडोस बेटावरच्या टेंट बे गावचा. माझ्या अंगाला आजही मासळीचा वास येतो, पण देवाचं नाव मीही पुष्कळ ऐकलं आहे, मित्रांनो, आणि तेही गाऊन सांगितलेलं.

समुद्राच्या तळाशी गवतात मी वाढलो. तेव्हा माझ्यात एक मऊ जीव राहत असे. तो गॅस्टन स्कीट नावाच्या कोळ्याच्या रस्स्यात गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण रिकामा झालो म्हणून तर मी वाजू लागलो. गॅस्टनने माझा शेंडा कापला तेव्हा हात घसरला आणि मला एक बारीक चीर पडली. त्यामुळे माझा सूर शेवटी किंचित फाटतो. किनाऱ्यावर शंख खूप होते, पण तो फाटका सूर ऐकला की गाव म्हणे, "स्कीटचा शंख."

दोन लांब फुंका म्हणजे होडी आली, टोपल्या घेऊन या. तीन आखूड आणि एक लांब म्हणजे गडी बाद. ही दुसरी खूण फक्त क्रिकेटची. कसोटी असली की गॅस्टन मला घेऊन ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर जाई. पाकिस्तानच्या त्या फलंदाजाने सोळा तासांवर ठाण मांडून तीनशे सदतीस धावा केल्या, तेव्हा मी तिथेच होतो. गॅस्टन मला ओठांना लावी, थांबे आणि तसाच खाली ठेवी. इतका अबोला मी पुन्हा कधी धरला नाही.

गॅस्टनमागे मी त्याच्या मुलाकडे, डार्नलीकडे आलो. डार्नली होड्या दुरुस्त करी आणि रविवारी गावच्या प्रार्थनाघरात प्रवचन देई. प्रवचन म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. चार वाक्यं सरळ चालत, पाचवं डोलू लागे आणि सहाव्याचं गाणं होई. समोरचे लोक शेवटचे शब्द उचलत, टाळ्या पडत, बाकं हलत. मला तो समोरच्या टेबलावर ठेवी. तिथे बसून मी जे सुख घेतलं ते समुद्रातही घेतलं नव्हतं.

आणि त्याचे दाखले सगळे कसोटीतले. एकदा त्याने त्रिनिदादच्या एका फलंदाजाची गोष्ट लावली. त्याला आयुष्यात एकच कसोटी मिळाली, एकच डाव. त्यात त्याने एकशे बारा केल्या. पुन्हा बोलावलं नाही. म्हणून त्याची सरासरी राहिली एकशे बारा, थेट ब्रॅडमनच्याही वर. "एकच डाव दिला, बंधूंनो," डार्नली गाई. "एकच डाव," लोक म्हणत. "तक्रार नाही केली." "नाही केली." एकदा त्याने आमच्याच मैदानावरची ती जुनी चिखलातली कसोटी घेतली. इंग्लंडने सात बाद एक्याऐंशीवर, मागे असतानाच, डाव सोडला. मग आपल्या लोकांनीही सहा बाद एकावन्नवर सोडला, आणि जिंकलं इंग्लंड. "कधी सोडावं हे त्यालाच ठाऊक," तो वर बोट दाखवी.

मग ते एकोणीसशे ब्याण्णव साल आलं. दक्षिण आफ्रिका बावीस वर्षांनी पुन्हा कसोटी खेळणार होती आणि तीही आमच्या बेटावर. पण आमच्या बेटाच्या गोलंदाजाला संघातून वगळलं आणि सगळं बार्बाडोस रुसलं. कुणी मैदानावर जायचं नाही असं ठरलं. आमचा डार्नली तर प्रवचनात एक पाऊल पुढे गेला. "पाय आवरा," तो म्हणाला, "आणि कानही आवरा. घरात रेडिओसुद्धा नको." लोकांनी तेही शब्द उचलले. गाताना माणूस काय काय कबूल करतो.

शेवटचा दिवस गुरुवार होता. आफ्रिकेला दोनशे एक हव्या होत्या आणि दोन बाद एकशे बावीस झाल्या होत्या. त्या सकाळी डार्नली घरातून निघाला तो मला आणि छोट्या ट्रान्झिस्टरला पिशवीत घालून. एग्बर्टच्या रमच्या दुकानामागे किनारा आहे. तिथे एक होडी दुरुस्तीला उपडी घातली होती. डार्नली तिच्या आडोशाला बसला आणि ट्रान्झिस्टर कानाला लावला.

गडी पडू लागले. पहिल्याला त्याने ओठ चावला. दुसऱ्याला मला जवळ घेतलं. तिसऱ्याला त्याचा धीर सुटला. आवाज जाऊ नये म्हणून त्याने पंजा माझ्या तोंडात खुपसला आणि हळूच फुंकलं, तीन आखूड, एक लांब. दबलेला, लांबून आल्यासारखा सूर निघाला. सव्वीस धावांत आठ गडी गेले, आपण बावन्न धावांनी जिंकलो आणि डार्नली वाळूत एकटा बसून रडला.

वर दुकानात गावचे बहुतेक पुरुष दार लोटून, आवाज बारीक करून तेच ऐकत होते हे त्याला काय ठाऊक. एग्बर्टचा रेडिओ मागच्या खिडकीत, समुद्राकडे पाठ करून ठेवलेला. मैदान रिकामं, त्यामुळे रेडिओतही सामसूम. तेवढ्यात त्या सामसुमीतून माझा फाटका सूर आला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"स्कीट ओव्हलवर आहे," लिस्टन इनिस म्हणाला. लिस्टन म्हणजे डार्नलीचा बालमित्र. गेली कित्येक वर्षं दोघं एकाच छत्रीत बसून कसोट्या पाहत आलेले.

त्या दिवसापासून गावाची नजर बदलली. कुणी काही बोलेना, कारण बोलायचं तर आपण रेडिओ ऐकला हे सांगावं लागतं. नुसतं बघणं चाले. डार्नली रस्त्याने गेला की मागे कुणीतरी तोंडाने तीन आखूड, एक लांब शीळ घाली.

रविवारी त्याने प्रवचन सुरू केलं. पाचवं वाक्य डोललं, सहावं गायलं आणि समोरून काहीच आलं नाही. त्याने पुन्हा तेच म्हटलं. लोक खिडकीबाहेर पाहत होते. मित्रांनो, साथ न मिळालेलं गाणं माझ्यासारख्या पोकळ जिवालाही सोसत नाही.

प्रार्थनाघराची देखरेख मिस आयँथी ब्लॅकमन या वृद्ध बाईंकडे होती. त्या काठी टेकत पुढे आल्या.

"डार्नली, गुरुवारी कुठे होतास, बाबा?"

"ओव्हलला गेलो नाही, मिस आयँथी."

"ते नाही विचारलं मी. कुठे होतास?"

डार्नली माझ्याकडे पाहत राहिला. ऐकत होतो म्हणावं तर आपणच गायलेला शब्द आपणच मोडला. तो गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्यातून लोकांना हवं ते उत्तर मिळालं.

"मग पुढच्या रविवारनंतर शेजारच्या बाथशेबा गावाहून दुसरा माणूस बोलवावा लागेल," मिस आयँथी म्हणाल्या. "लोक ज्याचा शब्द उचलत नाहीत त्याने उभं राहून काय करायचं?"

घरी त्याची बायको म्युरियल मासे साफ करत होती. तिलाही शंका खात होतीच. गुरुवारी नवरा जेवायलाही आला नव्हता.

"दुसरी कुणी असेल तर सांगून टाक," ती म्हणाली. "मी सुरी खाली ठेवते, मग सांग."

"कुणी नाही गं."

"मग हे शिट्ट्या का मारतात?"

त्याला ठाऊक नव्हतं. पण म्युरियल मासे विकणारी बाई होती. चांगला उडता मासा हवा असलेला माणूस किती वेळ गप्प राहू शकतो हे ती जाणून होती. बुधवारी एग्बर्ट टोपली घेऊन आला. तिने त्याच्यासमोर मासा धरला आणि सोडेना.

"बोल आधी. माझ्या माणसाने काय केलं?"

"शंख वाजवला ओव्हलवर. आम्ही सगळ्यांनी ऐकला ना रेडि–" एग्बर्टने जीभ चावली.

"रेडिओत?" म्युरियल म्हणाली. "अस्सं. आणि रेडिओ कुठे असतो तुझा?"

"खिडकीत. दे ना मासा."

ती घरी आली आणि तिने मला उचललं. मला वाटलं, आता आपटते. पण तिने मला उलटं करून हलवलं. माझ्या पोटातून वाळू पडली आणि वाळूबरोबर लाकडाचा भुसा, होडी तासताना पडतो तसा.

"ओव्हलवर गवत असतं," ती स्वतःशीच म्हणाली.

संध्याकाळी ती मला एप्रनखाली घेऊन त्या उपड्या होडीपाशी गेली. दुकानात तेव्हा रेडिओवर मयतांची नावं वाचत होते. आमच्याकडे ती ऐकायला सगळं गाव जमतं. निवेदक गंभीर आवाजात सांगत होता, अमक्या गावचे अमके, वय नव्वद, यांच्यामागे इतकी मुलं आणि इतकी नातवंडं. म्युरियलने पंजा माझ्या तोंडात घातला आणि फुंकलं. तीन आखूड, एक लांब.

दुकानात सगळ्यांनी रेडिओकडे पाहिलं. मग लिस्टन हळूच म्हणाला, "म्हातारा बाद झाला वाटतं."

एक जण हसला, मग दोघे, आणि हसता हसता सगळे थांबले. एग्बर्टने रेडिओ बंद केला. बंद रेडिओतून माझा सूर पुन्हा आला. लिस्टन उठला, खिडकीशी गेला आणि त्याने खाली पाहिलं. म्युरियलने मान वर केली.

"ऐकू येतंय ना नीट?" ती म्हणाली. "गुरुवारीही असंच आलं असेल."

लिस्टन खिडकीतच उभा राहिला.

रविवारी प्रार्थनाघर भरलं. डार्नलीने मला टेबलावर ठेवलं. आज त्याने दाखला लावलाच नाही.

"मी गेलो नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज गाण्याकडे वळला. "पण मी ऐकलं, बंधूंनो. तुमचे कान बांधले आणि माझे उघडे ठेवले."

गेल्या रविवारी लोक खिडकीबाहेर पाहत होते. आता लोक आपापल्या चपलांकडे पाहत होते. मग मागच्या बाकावरून लिस्टनचा बेसूर आवाज आला, "मीही ऐकलं."

"मीही ऐकलं," एग्बर्ट म्हणाला.

"मीही ऐकलं." बाक हललं, टाळी पडली, आणि बघता बघता त्याचंच पालुपद झालं. स्वतःची चूक इतक्या सुरात कबूल करणारी माणसं मी आधी पाहिली नव्हती.

मिस आयँथी काठी आपटून उठल्या.

"मी नव्हतं ऐकलं," त्या म्हणाल्या. "कानात कापूस घालून बसले होते दिवसभर. आता कुणीतरी मला सांगा, दोन बाद एकशे बावीसवरून ते गेले कसे?"

आणि डार्नलीने ते गायलं. पहिल्यापासून, एकेक गडी, आणि दर गड्याला लिस्टनने पुढे येऊन मला फुंकलं. रिकाम्या मैदानावर झालेली ती कसोटी त्या दिवशी भरल्या घरात पुन्हा झाली. बाथशेबाहून माणूस बोलवायचं कुणी नाव काढलं नाही.

आता डार्नली नाही. म्युरियलही नाही. मी प्रार्थनाघराच्या खिडकीत असतो. दारात वाजवायची घंटा आली आहे, मासे आल्याचं फोनवर कळतं. मध्ये नवीन मंडळी आली, त्यांनी मला धुऊन, चकचकीत करून ठेवायचं ठरवलं. लिस्टन, आता फार म्हातारा झालेला, काठी टेकत आला आणि त्याने त्यांच्या हातातून मला काढून घेतलं.

मित्रांनो, मला अधूनमधून फुंका, मी गंजत नाही पण मुका होतो. माझी धूळ पुसा. कुणाबद्दल मनात काही आलं तर आधी उठून खिडकीबाहेर डोकावून पहा. आणि एवढं ऐका, आतून मला धुऊ नका. चिरेपाशी वाळूचे चार कण अजून आहेत. मला बोलता येत नाही, माझ्या माणसाच्या बाजूने माझ्याकडे तेवढीच साक्ष आहे.