पंखाघरातला घाबरट

"हात लावून बघ, लिंगन्ना. तळवा नको, उलटा हात लाव."

ओदेलूनं दिवेखोलीच्या खिडकीतून हाक मारली, म्हणून मी गेलो. खाणीत उतरणाऱ्यांना टोपीवरचे दिवे देण्याचं काम माझ्याकडे आहे आणि खाणीत हवा खेळवणारं पंखाघर माझ्या खोलीला लागूनच आहे. मोटरच्या बेअरिंगवर मी हाताची मागची बाजू टेकवली आणि चटकन काढून घेतली. करंट उतरला असेल तर तळवा चिकटून बसतो, उलटा हात झटकला जातो, हे मला त्यानंच शिकवलं होतं.

"मोटर आहे, तापणारच," मी पंख्याच्या घरघरीवर ओरडून म्हणालो. "तू तुझं डोकं थंड ठेव."

"काल बासष्ट होतं. आता चौऱ्याहत्तर झालंय."

त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. पण ओदेलूला घाम फुटणं आमच्या खाणीत काही नवीन नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी त्याच्यापुढे चार हातांवर छत कोसळलं. तेव्हा तो जो वर आला, तो पुन्हा कधी खाली उतरला नाही. कंपनीनं त्याला वरच्या मोटरी सांभाळायला दिल्या. रोज सकाळी वही घेऊन फिरायचं, आवाज ऐकायचा, ताप बघायचा, दिवस ठरलेला असेल तेव्हा ग्रीस भरायचं. तेव्हापासून सगळे त्याला घाबरट ओदेलू म्हणतात. त्याच्या बायकोचा भाऊ कोमरय्या तर या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. दिवा घ्यायला आला की पंखाघराकडे तोंड करून भावोजीला ओरडायचा, "बावा, पंख्याला आज ताप आहे का? कपाळावर पट्टी ठेव!" रांग हसायची. मीही हसायचो.

यंदाच त्यानं दोनदा मॅनेजरसाहेबांना फोन करून धावत आणलं होतं. एकदा जाळीचा बोल्ट सैल निघाला, एकदा आत अडकलेली खार निघाली. त्यानंतर साहेब त्याचा आवाज ऐकला की आधी उसासा टाकत.

"मग फोन कर ना," मी म्हणालो.

तो हलला नाही. ग्रीसची पिचकारी छातीशी धरून उभा राहिला.

"लिंगन्ना, मी जास्त मारलंय."

"काय?"

"ग्रीस. नियम वीस पंपांचा आहे. वीस मारले. मग हात लावला तर जरा गरम लागलं. वाटलं, कोरडं पडलंय. अजून वीस मारले. तापमापकाचा काटा चढायला लागला. मी घाबरलो, अजून पंधरा मारले." तो माझ्याकडे बघत नव्हता. "जास्त झालं की ते आतल्या आत घुसळत राहतं आणि तापतं. मला माहीत नाही का? बाकीच्यांना मीच शिकवलंय. पण हात थांबलाच नाही रे."

"मग काढ बाहेर!"

"खालचं बूच उघडलं. जुनं ग्रीस वाळून भोकात बसलंय, थेंब येत नाही. पंखा थांबवल्याशिवाय तिथं तार घालता येणार नाही. आणि नव्वदला मोटर आपोआप बंद पडते."

माझं हसू कुठच्या कुठे पळालं. राखीव पंख्याची मोटर दहा दिवसांपासून दुरुस्तीला गेली होती. खाली जाणारी सगळी हवा या एका पंख्याच्या जोरावर होती. तो अचानक थांबला तर गॅस साचायला लागणार. त्या सकाळी मी एकशे शहाऐंशी दिवे दिले होते. कोमरय्या सगळ्यात लांबच्या टोकाला होता, तिथून वर यायला पाऊण तास लागतो.

"साहेबांना एवढंच सांग की बेअरिंग तापलंय," मी म्हणालो. "ग्रीसचं नाव काढू नकोस. नोकरी घालवशील."

त्यानं फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"परत तूच का? आज काय निघालं, उंदीर?"

"साहेब, अठ्ठ्याहत्तर झालंय..."

"शिफ्ट संपू दे. फिटर पाठवतो."

फोन बंद झाला. ओदेलू काट्याकडे बघत बसला. मीही बघत होतो. काटा ऐंशीच्या पुढे सरकला तेव्हा त्यानं पुन्हा नंबर फिरवला, आणि या वेळी साहेबांना बोलूच दिलं नाही.

"साहेब, चूक माझी आहे. मी वीसच्या जागी पंचावन्न पंप मारले. भोक बुजलंय. पंखा नव्वदला बंद पडेल. माणसं वर बोलवा."

"लिहून देशील?"

"आत्ता देतो. आधी माणसं वर बोलवा."

त्याची भीती साहेबांनी कधीच खरी मानली नव्हती, कबुली मात्र मानली. दोन मिनिटांत खाली निरोप गेला.

माणसं वर येऊ लागली. चिडलेली, शिव्या देणारी. मी एकेक दिवा घेऊन खुंटीला अडकवत होतो आणि ओदेलू खिडकीतून विचारत होता, "किती?"

"साठ."

"शहाऐंशीवर आलंय. किती?"

"एकशे तीस."

"आमचा आला?"

"नाही अजून."

अठ्ठ्याऐंशी झालं तेव्हा तो भिंतीला पाठ लावून मल्लन्ना देवाचं नाव घेत होता. कोमरय्याची टोळी शेवटी आली. तो दिवा माझ्यापुढे आपटून म्हणाला, "आज काय, बावाला स्वप्न पडलं?" मी तो उचलून अडकवला. शेवटची खुंटी भरली आणि मी खिडकीतून हात वर केला. ओदेलूनं पंखा बंद केला.

तार घातल्यावर आधी वाळलेला गोळा निघाला, मग ओंजळीओंजळीनं ग्रीस बाहेर आलं. दोन तासांनी पंखा पुन्हा सुरू झाला आणि काटा अठ्ठावन्नावर थांबला. फिटरनं बेअरिंग तपासलं, त्यावर ओरखडाही नव्हता. झालं, सगळे म्हणाले, उगाच शिफ्ट बुडवली. बंद पडलाच असता का, हे आता कोण सांगणार?

ओदेलूला चार्जशीट मिळाली. पिचकारी जमा करून घेतली आणि त्याला लाकडांच्या आवारात टाकलं. पंखाघरात पाऊल ठेवायचं नाही, असं लेखी आलं. त्याच्या जागी आलेला माणूस चांगला आहे, हसतमुख आहे, कशाला घाबरत नाही. मला मात्र त्या दिवसापासून झोप नीट लागत नाही.

गेल्या सोमवारी सकाळी रांग नेहमीसारखी खाणीच्या तोंडाकडे निघाली होती. ओदेलू आवारात फळ्या रचत होता. कोमरय्या त्याच्यापाशी आला तेव्हा मी कान टवकारले, म्हटलं आता टोमणा मारणार.

कोमरय्यानं टोपी काढली. "बावा," तो हळूच म्हणाला, "आज उतरू ना?"

ओदेलूनं हातातली फळी खाली ठेवली. पंखाघराकडे मान वळवून तो ऐकत राहिला. बराच वेळ. मागची रांग थांबली होती, आणि कोणी ओरडलं नाही.

"उतर," तो म्हणाला.

मग मागचेही हलले.