बाकड्यामागचं रोप

सटवाजीची बायको सोजराबाई गेली त्याला चार महिने झाले. तिच्या स्मरणाच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी सटवाजीनं हिंगोलीतल्या एका बागेत, बाकड्यामागं, तिच्या नावानं कडुनिंबाचं रोप लावलं. शेजारी आणखी कुणाचं तरी एक रोप होतंच. मधे पंधरा दिवस तो लेकीकडं बाळापूरला राहून आला, तर दोनातलं एकच उरलेलं. ते सोजराचंच, असं त्यानं धरलं.

रोज सकाळी तो कॅनभर पाणी घाली, तरी रोप पिवळं पडत चाललं. पाणी कमी पडत असेल म्हणून त्यानं दोन कॅन घातले. पानं आणखी गळाली. काय चुकतंय, त्याला समजेना.

एकदा सकाळ हुकली म्हणून तो संध्याकाळी गेला. एक दाढीवाला म्हातारा त्याच रोपाला बादलीनं पाणी घालत होता.

"ओ चाचा, माझ्या बायकोच्या झाडाला काहून पाणी घालून राहिले?"

"तुमच्या? हे माझ्या बायकोचं, जुलेखाचं हाय. रोज नमाज झाली की येतो मी. नासेर म्हणतात मला, कुणालाबी विचारा."

"मी उजव्या अंगाला लावलं व्हतं."

"मीबी उजव्याच!"

"बाकड्यावर बसून उजवं, का झाडाकडं तोंड करून?"

नासेर गोंधळला. सटवाजीलाही आठवेना.

तण काढणारी नीलाबाई खुरपं टाकून हसायला लागली. "भांडू नका. तुमी बाळापूरला, हे चाचा रमजानमधी घरी, तेवढ्यात बकरीनं दोन्ही खाल्ले. हे रोप मीच कोपऱ्यातून आणून लावलं. दोघं म्हातारे येणार, मोकळी जागा कशी दाखवू?"

"मग हे कुणाचं?" सटवाजीनं विचारलं.

"कुणाचंबी असू द्या, तुमच्या पाण्यानं मरून राहिलं ते. काळी माती हाय, मुळं सडतेत. आठ दिवस एक थेंब घालू नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं रिकाम्या हातानं आले. हाताचं काय करावं कळेना.

"पाणी घालताना मी बोलायचो तिच्याशी," सटवाजी म्हणाला.

"मीबी. तुमी बोला आधी, मी तिकडं थांबतो." नासेर पाठ करून उभा राहिला.

जे झाड तिचं नाही, त्याच्याशी काय बोलायचं? सटवाजी रोपाजवळ खाली बसला. मग हळूच म्हणाला, "तुझ्या लुगड्यांचं काय करू, ते सांगितलं न्हाई तू."