परबांचा चार्ज

"काका, लाइन चार्ज करा ना. वाट लागलीय तिकडे," यज्ञेश साहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

श्यामसुंदर परब स्विचच्या हँडलसमोर हात मागे बांधून उभे होते. मुलुंडच्या या वीजकेंद्रात त्यांची एकतीस वर्षं गेली. इंग्रजीशी त्यांचं नातं म्हणाल तर 'चार्ज' या एका शब्दापुरतं, पण त्यानंच त्यांना पोसलं. सकाळी ड्युटीचा चार्ज घ्यायचा, संध्याकाळी द्यायचा. केबल दुरुस्त झाली की लाइन चार्ज करायची, म्हणजे तिच्यात वीज सोडायची. लेकीच्या, अपूर्वाच्या लग्नात हॉलवाल्यानं पंख्यांचासुद्धा वेगळा चार्ज लावला, तेव्हा त्याच्याशी तावातावानं भांडले होते. खात्याची चार्जशीट मात्र एकदाही नाही. शुक्रवारी कोऱ्या पाटीनं रिटायर व्हायचं, एवढीच हौस उरली होती.

हँडलखाली चार खिळे होते. केबलच्या खड्ड्यात उतरणारा प्रत्येक जण आपल्या नंबरचा पितळी बिल्ला तिथं अडकवायचा आणि वर आला की स्वतःच्या हातानं काढायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, साहेबानंसुद्धा, आणि बिल्ला लटकतोय तोवर वीज सोडायची नाही. आज तीन खिळे रिकामे झाले होते. चौथ्यावर राजेश सावंतचा बिल्ला तसाच होता.

"फोन करा त्याला," परब म्हणाले.

"बंद येतोय. चार्ज संपला असेल. अहो, खड्डा मी स्वतः बघितलाय, रिकामा आहे. गेला असेल घरी."

"आणि केबलच्या पलीकडच्या टोकाचा?"

तिथवर कोणी गेलंच नव्हतं. साहेबांनी दोघा कामगारांना तिकडं पिटाळलं, तोवर टेबलावरचा फोन वाजला. समोरच्या सोसायटीतल्या पद्मजाताई रडकुंडीला आल्या होत्या. सासऱ्यांचं ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर होतं आणि तो फार तर अर्धा तास टिकला असता.

मे महिन्याची दुपार. परबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांना भीती वाटत होती, दोन्हीकडची. इकडं म्हातारा, तिकडं राजेश, आणि मध्ये आपला हात. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

"काका, इनचार्ज मी आहे. ऑर्डर देतोय. ऐकलं नाहीत तर चार्जशीट देईन, मग शुक्रवार विसरा."

परबांची मालवणी रागात नाहीतर घाबरल्यावरच बाहेर पडायची. "देवा ती चार्जशीट. पण हो बिल्लो हयसर लटकता तवर मी चार्ज करूचंय नाय." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "साहेब, आधी त्या आजोबांसाठी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. ऑक्सिजनचा सिलिंडर असतो तिच्यात."

आणि ते हँडलकडे पाठ करून उभे राहिले. साहेबांनी चार शिव्या हासडल्या, पण अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला.

पलीकडचा खड्डाही रिकामाच निघाला. पंचवीस मिनिटांनी राजेश सापडला तो गेटबाहेरच्या टेम्पोखाली, गोणपाटावर गाढ झोपलेला. रात्रभर केबल जोडून बिचारा जिथं सावली दिसली तिथं आडवा झाला होता. तो धावत आला, त्यानं बिल्ला काढला. परबांनी नियमाप्रमाणं त्याचं नाव विचारलं, नंबर विचारला, आणि मगच हँडल ओढलं. सोसायटीतले पंखे फिरले. अ‍ॅम्ब्युलन्स वेळेवर पोचली होती, आजोबा ठीक होते.

"काका, चूक माझी आहे. मी सांगतो ना साहेबांना," राजेश म्हणाला.

"तू आधी जेव रे. तोंड बघ कसं झालंय."

गुरुवारी चार्जशीट आली. 'वीजपुरवठा सुरू करण्यास विनाकारण पंचवीस मिनिटे विलंब.'

"वरून प्रेशर आहे, काका," यज्ञेश साहेब मान खाली घालून म्हणाले. "मिळाल्याची सही करा."

परबांनी कागद दोनदा वाचला. एकतीस वर्षांच्या कोऱ्या पाटीचं वाईट वाटलं, डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला, पेन घेतलं आणि 'विनाकारण' या शब्दावर सरळ रेघ मारली. रेघेच्या वर वळणदार अक्षरात लिहिलं, 'राजेश सावंतसाठी'.

मग खाली सही केली.