आजोबांचा कॉर्डरॉयचा खिसा

जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते भिंतीवर टांगलेल्यालाच विचारावं. मी खिशांचा पडदा बोलतोय. आजोबांच्या पलंगाशेजारी खिळ्याला अडकवलेला. दिसायला साधा, पण माझ्याइतकं भित्रं या घरात दुसरं कोणी नाही.

भीती जन्मापासूनचीच. सूनबाईंनी एक जुना जाड पडदा जमिनीवर पसरला, खडूने रेघा मारल्या आणि कात्री चालवली, तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं! मग टाचण्या टोचल्या. मग शिलाई मशीनची सुई खडखडत अंगावरून धावली. सूनबाई मधेच पुटपुटायच्या, "एवढी एक टीप, झालंच." तेवढाच काय तो धीर.

आजोबा घड्याळजी. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं जुळवण्यात गेला. आता त्याच डोळ्यांपुढे धुकं दाटलं होतं. दिवसभर हाका चालायच्या, "सूनबाई, माझा रुमाल कुठाय? किल्ल्या कुठायत?" म्हणून माझा प्रत्येक खिसा वेगळ्या कापडाचा. रुमालाला मखमल, किल्ल्यांना जीन्स, कंगव्याला टॉवेलचा तुकडा. आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांना आजोबांच्याच जुन्या कॉर्डरॉय पँटचं कापड.

"बाबा, हात फिरवून बघा. ओळखू येतंय का?"

आजोबांनी बोटं फिरवली. "अगं, ही तर माझी पँट! मला होईनाशी झाली तेव्हापासून बेपत्ता होती. इथे लपलीय होय!"

सगळे हसले. मी नाही हसलो. ती बोटं माझ्यावर किती भरवसा टाकतायत ते मला कळलं. कोणी भलतंच काही ठेवलं तर? मला ना हात, ना तोंड.

आजोबांची नात एका जागी बसेल तर शपथ! सगळे तिला भिंगरीच म्हणतात. एका दुपारी ती तुटलेल्या बाहुलीचा पाय चिकटवत बसली होती. आजोबांचे थेंब सकाळीच संपले होते. "नवीन बाटली घेऊन येते गं," सूनबाई दारातून म्हणाल्या. "आल्यावर मला पसारा दिसता कामा नये!"

भिंगरीने भराभर पसारा आवरला. गोंदाची एवढीशी बाटली हातात राहिली. क्षणात चिकटणारा गोंद. तिने इकडे तिकडे पाहिलं, समोर माझा रिकामा कॉर्डरॉयचा खिसा दिसला, त्यात बाटली टाकली आणि पळाली खेळायला.

माझी पाचावर धारण बसली.

थोड्या वेळाने आजोबा उठले. सवयीने हात माझ्याकडे आला. मखमल, जीन्स, टॉवेल, कॉर्डरॉय. बोटांना बाटली लागली. "वा! आणली वाटतं सूनबाईंनी," असं म्हणत त्यांनी झाकण काढलं. मान मागे टाकली. एका हाताने पापणी ओढली.

मी ओरडत होतो हो. पण कापडाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

आणि आजोबा थांबले. घड्याळात तेल सोडण्याआधी ते एक थेंब नखावर टाकून बघायचे, किती येतंय ते. त्या दिवशी हाताला कशी कोण जाणे तीच आठवण झाली. बाटली खाली आली. थेंब अंगठ्यावर पडला. त्यांनी तो बोटाने चोळून पाहिला, आणि बोट निघेचना.

"भिंगरी! अगं, लवकर ये!"

भिंगरी आली, बाटली पाहिली आणि पांढरीफटक पडली. तेवढ्यात सूनबाई परतल्या. साबणाच्या कोमट पाण्यात बोटं हळूहळू सुटली. मग मात्र त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. "बाबा, डोळ्यात गेलं असतं म्हणजे?"

त्या ताडकन उठल्या, मला खिळ्यावरून ओढलं आणि कात्री घेतली. "हा पडदाच नको घरात!"

"पडद्याने काय केलंय?" आजोबा म्हणाले. "तो गेला तर मी परत दिवसभर हाका मारत बसू?" मग ते कपाटाच्या दिशेने वळले. भिंगरीचे हुंदके तिथूनच येत होते. "भिंगरे, बाहेर ये. बाहुलीचा पाय चिकटला का?"

"वाकडा चिकटला," कपाटामागून आवाज आला.

संध्याकाळी माझ्या कॉर्डरॉयच्या खिशावर झडप शिवली गेली आणि तिला मोठं बटण लागलं. गोंद कपाटावरच्या डब्यात गेला. भिंगरीही आता माझ्यात काही ठेवताना आधी मोठ्याने सांगते.

आता आजोबांना उजेडही दिसत नाही. माझ्या कडा विरल्यात, एका कोपऱ्यात शिवण उसवलीय. भीती तेवढी नव्यासारखी टिकलीय. घरात पाहुणे येतात, शेजारी येतात, आणि हातातली वस्तू कुठे ठेवू म्हणून कोणीही माझ्यात काहीही सारतं. बटण काढायला कितीसा वेळ लागतो?

ऐका, चपला घासत आजोबा येतायत. तुम्ही आता इथेच उभे आहात, तुम्हाला डोळे आहेत. त्यांचा हात पोचायच्या आत माझ्या खिशात काय आहे, एकदा बघता का?