तीन ऋतूंची बॅग

"कायले व मायची बॅग कवटाळून बसली? कपडे वाटाचे हायेत ना," रूपा मावशी म्हणाली. "स्वेटर नवंच हाय. कोणाच्या तरी अंगात जाईन."

"स्वेटर राहू दे."

"आंदमानले स्वेटर! तिकडं डिसेंबरातबी पंखा लागते म्हनते. कोनी सांगतलं नसन का तिले?"

मीच सांगितलं होतं, फोनवर. आईने ऐकून घेतलं आणि तरी भरलं. डिसेंबरात थंडी पडत नाही अशी जागा पृथ्वीवर असेल, यावर मानोरा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात तेहतीस वर्षं नर्स असलेल्या माझ्या आईचा, केशरबाईचा, विश्वास बसला नाही.

आंदमानला जायचं म्हणून ही बॅग तिने तीनदा भरली आणि एकदाही पुरती रिकामी केली नाही. आज तिच्या जाण्यानंतरचा विधी, पुण्यानुमोदन. विहारात जायच्या आधी मी ती उपसत होते. स्वेटरखाली पावसाळा निघाला, पावसाळ्याखाली उन्हाळा.

तळाशी मे महिना होता. तोंडाला बांधायचा पांढरा दुपट्टा, ओआरएसची पाकिटं आणि टरफलापुरता उरलेला एक कांदा. जवळ कांदा ठेवला की ऊन लागत नाही. गावाला ओआरएस प्यायला सांगणारी आई स्वतः कांदा बाळगायची. समुद्राकाठच्या चिकट उन्हाला आपला वऱ्हाडी कांदा ओळखू येणार नाही, हे तिच्या मनातही आलं नसेल. त्या वर्षी उष्माघाताचे पेशंट वाढले. रजा नामंजूर.

त्यावर ऑगस्ट. रेनकोट, मेणबत्त्या, काडेपेटी आणि आठ दिवस पुरतील एवढे फुटाणे, पिशवीत पिशवी घालून गाठ मारलेले. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी. पुराने तुटलेलं गाव तिने पाहिलं होतं, त्यात दोन बाळंतपणं केली होती. बेटाची तयारी तिने त्याच हिशेबाने केली. डेंग्यूचा सर्व्हे निघाला. रजा नामंजूर.

"सिस्टर, काय गुन्हा केला बाप्पा? काळ्या पाण्याले चालल्या म्हने!" गावातले लोक चिडवायचे.

"तुमच्या लेकरायले सुया टोचल्या ना, त्याची सजा होये," आई म्हणायची.

तिसऱ्यांदा, डिसेंबरात, पोलिओची मोहीम आली. तेव्हा मी फोनवर म्हणाले होते, "आई, सहा महिन्यांत रिटायर होतेस. मग जाऊ. घाई काय आहे?" ती "बरं" म्हणाली. मार्चमध्ये लसीकरण चालू असताना ती खुर्चीतच कलली. ते "बरं" मला अजून गिळता येत नाही.

बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात तिचे तिन्ही अर्ज होते. ते मी पर्समध्ये टाकले. कशासाठी, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

विहारात भन्तेजींची वंदना झाली आणि मग तालुक्याहून आलेले साहेब बोलायला उभे राहिले.

"केशरबाईंनी तेहतीस वर्षांत एकदाही अर्जित रजा उपभोगली नाही," ते म्हणाले. सरकारी भाषेत रजा घेत नाहीत, उपभोगतात. "उपभोगणं सोडा, कधी मागितलीसुद्धा नाही. असा त्याग आज..."

मी उभी राहिले. शेजारी बसलेल्या सपनाने माझा पदर ओढला. ती आशा कार्यकर्ती, आईच्या हाताखाली तयार झालेली. "ताई, बसा न. साहेब हायेत ते."

"साहेब, तिने मागितली होती. तीनदा."

"बेटा, तुझं दुःख मी समजू शकतो. पण ही वेळ नाही."

"ही वेळ तुम्ही आणलीत. मी फक्त उत्तर देतेय."

मी अर्ज वाचले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर रडले असते, आणि रडणाऱ्या मुलीला लोक लगेच माफ करतात. मला माफी नको होती. तारीख, दिवस, कारण. तिन्ही अर्जांत कारण एकच: समुद्र पाहणे. तिन्हींवर शेरा एकच: कामाची निकड, नामंजूर. शेऱ्याखाली सहीही एकच होती, आणि तो सही करणारा हात या क्षणी माईक धरून उभा होता.

कोणीतरी खोकलं. साहेबांनी माईक बाजूला केला आणि ते पुटपुटले, "हो, मागितली होती."

"माईकवर सांगा. त्याग माईकवर सांगितलात."

त्यांनी माईकवर सांगितलं. मग त्यांना वाशीमला मीटिंग असल्याचं आठवलं आणि ते न जेवताच गेले.

"काहून बोलली व एवढी?" मावशी पंगतीत वाढता वाढता कुजबुजली. "मानूस उपाशी गेला." मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

हात धुवायला बाहेर आले, तर मागून ललिताबाई आल्या. शेजारच्या उपकेंद्राच्या नर्स, आईहून पाच-सहा वर्षांनी लहान. कडेला ओढून नेत त्या म्हणाल्या, "तो अर्ज दाव न माय. खरंच कारनात तसं लिवलं तिनं? आमी तं साऱ्या 'घरगुती'च लिवतो."

मी दिला. त्यांनी माझ्याकडे एक कोरा कागद मागितला आणि विहाराच्या पायरीवर बसून, मांडीवर पर्स ठेवून त्या आईचा अर्ज पाहून पाहून लिहू लागल्या. समास तेवढाच सोडला. विषय, संदर्भ, सविनय सादर, सगळं जसंच्या तसं. कारणापाशी पेन थांबलं.

"मले समुद्र-गिमुद्र नाही पाह्यचा व," त्या म्हणाल्या. "मले नुसतं झोपाचं हाय. आठ रोज. फोन बंद करून. तसं लिवू का?"

"लिहा."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग, बाळांच्या कार्डावर वजनं भरतात त्या गोल, सावकाश अक्षरात लिहिलं:

कारण – झोपणे.