सायीची जाडी

दोन वाजता उत्तर जुळलं. पावणेतीनला इप्सिताने कागदी बशा काढायला कपाट उघडलं, आणि दार लावून ती परत आली ती उत्तर जुळलंच नसल्यासारखी.

रथसरांना अजून काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी छेनापोडा, पनीरचा तो खरपूस भाजलेला गोड केक, अख्खा मागवला होता आणि कोन मोजून काढावेत तसे त्याचे तुकडे ते स्वतः करत होते. फळ्यावर एकच आकडा होता, बारा, भोवती गोल. चार वाजता संचालक येणार होते आणि येताना इप्सिताची फाइल आणणार होते. तिची नेमणूक एकतीस तारखेला संपत होती. तीन वर्षांच्या मुदतवाढीवर ‘निकाल पाहून’ असा शेरा त्यांनीच मारला होता.

“बशा कुठायत?” सरांनी विचारलं.

“सर, कपाटात पाकीट आहे.”

“असू दे. बशा आण.”

“लाखेची मोहोर शाबूत आहे.”

सुरी छेनापोड्यात अर्धी उतरून थांबली.

ज्या कॅल्शियमपायी हे सगळं चाललं होतं, त्याच्या केंद्रकात वीस प्रोटॉन आणि अठ्ठावीस न्यूट्रॉन. जास्तीचे न्यूट्रॉन दुधावर साय धरावी तसे कडेला जमतात. ती साय किती जाड, हे परदेशातल्या एका प्रयोगशाळेने मोजलं होतं: फर्मीचे बारा शतांश. मिलिमीटरचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे फर्मी, त्यामुळे भांडायला जागा तशी कमीच. तरी भांडण होतं. याच सायीवरून आकाशातल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या घेराचा अंदाज बांधतात, आणि सरांचं जुनं गणित नऊ वर्षं तिची जाडी एकोणीस सांगत होतं. इप्सिताने दोन वर्षं खपून, न्यूट्रॉनांमधली ओढाताण मुळापासून मांडत नवं गणित केलं.

हवं ते उत्तर येईपर्यंत माणूस चुका शोधतो आणि ते आलं की शोधायचा थांबतो, हे सर ओळखून होते. म्हणून त्यांनीच नियम केला होता. ग्रंथालयातल्या बैधरबाबूंनी मनातला एक आकडा संगणकात गुपचूप टाकायचा, म्हणजे तो प्रत्येक उत्तरात मिसळेल. तोच आकडा कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा. सगळी तपासणी झाली की पाकीट फोडून आकडा वजा करायचा. उरेल ते खरं.

बारा आलं, आणि पाकीट कोणाला आठवलंच नाही. एकोणीस आलं असतं तर पाच मिनिटांत फोडलं असतं.

“शून्य असेल,” सर म्हणाले.

“शून्य चालणार नाही असं नियमात आहे.”

“कुणी लिहिलं ते?”

“तुम्ही.”

बैधरबाबूंना बोलावणं गेलं. ते पान गालात सारत दारातच उभे राहिले.

“बैधरबाबू, तो आकडा,” सर म्हणाले, “लहान होता की मोठा?”

“सर, बायकोलासुद्धा सांगायचं नाही म्हणून तुम्ही मला जगन्नाथाची शपथ घातली होतीत. तिने चार दिवस अबोला धरला. आता तुम्हाला सांगून बसलो तर तिला काय तोंड दाखवू?”

“आकडा नका सांगू. नुसतं लहान की मोठा?”

“आकड्याएवढा होता, सर.”

त्यांना मोठासा तुकडा देऊन वाटेला लावलं. सरांनी दार लोटून घेतलं आणि खुर्ची इप्सिताजवळ ओढली.

“मा,” लेकीला हाक मारावी तसं ते म्हणाले, “ऐक. पाकीट उद्या फोडू. नियमात वार दिलेला नाही.”

“आणि उद्या बारा राहिलं नाही तर?”

“तर नाही राहिलं. चूक शोधायला तुझ्याकडे तीन वर्षं असतील. आज फोडलंस तर अकरा दिवस आहेत.”

“साहेबांना काय सांगायचं?”

“तू कशाला सांगतेस? मी बोलतो. तू बशा धर.”

इप्सिता उठली. तिने फळ्यावरच्या बाराकडे पाहिलं. दोन वाजता तो दिसला तेव्हा तिने घरी, बालासोरला, आईला फोन केला होता, आणि आई न्यूट्रॉन न समजताही रडली होती. ती कपाटापाशी गेली, बशा घेऊन आली. बशांवर पाकीट होतं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं: तीन पंचवीस. पाकिटाला त्यांनी हात लावला नाही, आणि तिचाही हात धरला नाही. तिने केसांतली पिन काढून मोहोर उचकटली.

बैधरबाबूंचं अक्षर ग्रंथालयाच्या पाट्यांसारखं सुबक होतं: ऋण सात शतांश.

बारातून ऋण सात वजा करणं तोंडी जमण्यासारखं होतं. सरांनी तरी ते फळ्यावर मांडलं, आणि खाली रेघ ओढली.

“एकोणीस,” ते म्हणाले. देवळाबाहेर बदललेली जुनी चप्पल परत मिळावी, तसा त्यांचा आवाज झाला होता. “हे तर माझंच आहे.”

संचालक चारला पाच कमी असताना आले. त्यांनी उभ्याउभ्याच दोन तुकडे खाल्ले. मग इप्सिताने सांगितलं.

“म्हणजे जुळलं नाही?”

“दोन वाजता जुळलं होतं, सर.”

“आत्ता?”

“आत्ता नाही.”

“मी वर कळवून बसलोय.” त्यांनी टेबलावर ठेवलेली फाइल उचलून परत काखेत घेतली. “जे काय असेल ते लेखी द्या.”

ते गेल्यावर इप्सिता लिहायला बसली. सर शेजारी बसून वाक्यं सुचवत होते, आणि कागद पुरा होण्याआधीच त्यांनी खाली ‘शिफारस’ लिहून सही करून टाकली.

“विषय: बारा हे उत्तर मागे घेणे व मुदतवाढ.

महोदय, आज दुपारी दोन वाजता लागलेला निकाल लागलाच नव्हता, असे समजण्यात यावे. तो खरा नसल्याचे अर्जदाराने स्वतः, आपल्या आगमनापूर्वी अर्धा तास, शोधून काढले. हाच निकाल धरून अर्जदाराची मुदत तीन वर्षांनी वाढवावी. आणि ते नियमात बसत नसल्यास, कॅल्शियमच्या सदर केंद्रकाने आपल्या सायीच्या जाडीचा एकतीस तारखेपूर्वी फेरविचार करून तसे या कार्यालयास कळवावे, ही नम्र विनंती.”